वाचकांचे प्रश्न : कमी खर्चाची ऊर्जासाधने शिकवताना

जिथे वीज अपुरी आहे, इंधन महाग आहे किंवा लांबून आणावे लागते, अशा वस्त्यांमध्ये चूल, सौरदिवा, बायोगॅस यांसारखी साधने लोकांना स्वतःच्या हातांनी करायला कशी शिकवावीत, याविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी निवडले आहेत. बहुतेक पत्रांत ‘काय बनवायला शिकवावे’ अशी विचारणा आहे. तयार झालेली वस्तू काही काळाने अडली, तर ती उघडून दोष शोधणारा माणूस त्याच वस्तीत असेल का, हा प्रश्न मला त्याआधीचा वाटतो आणि पुढील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वस्तीतील प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी सुटीच्या दिवशी प्रात्यक्षिक वर्ग सुरू करण्याचा विचार आहे. हाताशी साधने फार थोडी आहेत. सुरुवात सौरदिव्यापासून करावी का?

उत्तर : सौरदिव्याचे आकर्षण मी समजू शकतो, परंतु सुरुवात चुलीपासून करावी असे मी आग्रहाने सांगेन. येणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः प्रत्येक स्त्रीला, विस्तवाचा अनुभव शिक्षकापेक्षा जास्त असतो आणि पहिल्याच दिवशी शिकणारा जाणकार ठरला की पुढचा वर्ग मोकळेपणाने चालतो. शिवाय यासाठी वजनकाटा, तापमापी आणि घड्याळ एवढेच लागते.

तीन दगडांची चूल मांडा. दोन लीटर पाणी मोजून भांड्यात घ्या, सरपण वजन करून ठेवा आणि पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांवर जाईपर्यंत किती लाकूड जळते ते पाहा. जाळ लावण्यापूर्वी एक गोष्ट विसरू नका : जळणाऱ्या लाकडातील उष्णतेपैकी किती भाग पाण्यात जातो, याचा अंदाज प्रत्येकाला सांगायला लावा आणि तो फळ्यावर लिहून ठेवा. बहुतेक जण निम्मा किंवा त्याहून अधिक म्हणतात. मग हिशेब मांडा. एक लीटर पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, म्हणजे दोन लीटर पाणी ७० अंशांनी तापवायला ५८८ किलोज्यूल. बऱ्यापैकी वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण १६,००० किलोज्यूल असतात. ३०० ग्रॅम लाकूड जळले असेल, तर त्यातून ४,८०० किलोज्यूल निघाले आणि पाण्याला मिळाले जेमतेम १२ टक्के. उरलेल्या निखाऱ्यांचेही वजन करायला हवे, कारण कोळशात लाकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता असते आणि ती हिशेबातून वजा केली नाही तर चुलीवर अन्याय होतो. आडोशाला, नीट सांभाळून घातलेला जाळ याहून बरे काम देतो, हेही प्रयोगाने दिसू द्या. तीन दगडांच्या चुलीला सरसकट नावे ठेवणे खरे नाही आणि ती वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या स्त्रियांसमोर तसे करणे शोभतही नाही.

पुढच्या खेपेला हाच प्रयोग भांड्यावर झाकण ठेवून करा. त्यानंतर पाणी उकळल्यावरही जाळ तसाच मोठा ठेवून पाहा. पाण्याचे तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही, फक्त वाफ वाढते आणि एक किलो पाण्याची वाफ करायला २,२६० किलोज्यूल खर्ची पडतात. म्हणजे तेच पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागली, तिच्या सातपट. उकळी आल्यानंतर मोठा जाळ अन्न लवकर शिजवत नाही, हे एकदा आकड्यांतून पटले की सर्वांत स्वस्त ऊर्जासाधन आपोआप समोर येते. उकळलेले भांडे विस्तवावरून उतरवून गवत, भुसा किंवा जुने कापड चहूबाजूंनी दाबून भरलेल्या पेटीत ठेवायचे आणि वरूनही तसेच झाकायचे. आतली उष्णताच उरलेले शिजवण्याचे काम करते. या पेटीला खर्च जवळपास नाही आणि बिघडण्यासारखे त्यात काहीच नाही.

यानंतर सुधारित चुलीकडे वळा. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील अप्रोवेचो संस्थेशी संबंधित लॅरी विनिआर्स्की यांनी १९८० च्या दशकात ज्या चुलीची तत्त्वे मांडली, ती ‘रॉकेट चूल’ शिकवायला उत्तम आहे, कारण तिचा प्रत्येक भाग काहीतरी समजावतो. आडवे तोंड आणि उभे नळकांडे यांच्या काटकोनात जाळ पेटतो, उभ्या भागातील गरम हवा वर ओढ निर्माण करते, लाकडाचे फक्त टोक जळते आणि धूर बाहेर पडण्यापूर्वीच बराचसा जळून जातो. इथे एक गैरसमज जवळजवळ प्रत्येक वर्गात भेटतो : भिंत जितकी जाड तितकी उष्णता आत राहते. वास्तविक जाड, भरीव माती किंवा दगड उष्णता शोषून घेतो आणि छोट्या स्वयंपाकाच्या वेळात ती परत देत नाही. जाळाभोवती हलका, हवेच्या बारीक पोकळ्या असलेला थर हवा. राख किंवा भुसा मिसळून भाजलेली सच्छिद्र वीट चालते. सांगून हे पटत नाही. एकाच मापाच्या दोन चुली, एक भरीव मातीची आणि एक सच्छिद्र विटांची, शेजारी शेजारी पेटवा आणि पहिल्या वीस मिनिटांत बाहेरच्या भिंतीला हात लावायला सांगण्याऐवजी पाण्याचे तापमान मोजायला लावा.

धुराचा विषय या वर्गात टाळू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील प्रदूषित हवेमुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे मृत्युमुखी पडली. लाकूड वाचवणारी प्रत्येक चूल धूर तितक्याच प्रमाणात कमी करते असे नाही; म्हणून लाकडाचे वजन, धुराचे प्रमाण आणि खोलीत हवा खेळती आहे का, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहायला शिकवा.

प्रश्न : आमच्या संस्थेने घेतलेल्या कार्यशाळेत सहभागींनी स्वतः सौरदिवे जोडले. सर्व दिवे त्या दिवशी लागले. काही महिन्यांनी भेट दिली तेव्हा बरेच बंद होते आणि कोणीही ते उघडून पाहिले नव्हते. शिकवण्यात काय राहिले असावे?

उत्तर : तुमचे सहभागी दिवा जोडायला शिकले, पण बिघडलेला दिवा त्यांनी कार्यशाळेत पाहिलाच नव्हता. सर्व दिवे लागले म्हणून कार्यशाळा संपली आणि शिकण्यासारखे बरेच काही मागे राहिले. माझ्या मते अशा वर्गाचा निम्मा वेळ जोडणीला आणि निम्मा वेळ मुद्दाम केलेले बिघाड शोधण्याला द्यायला हवा.

शिक्षकाने आदल्या दिवशी काही दिव्यांत बिघाड करून ठेवावेत. एकात उडालेला फ्यूज, दुसऱ्यात उलट जोडलेला एलईडी, तिसऱ्यात बाहेरून धड दिसणारी पण आत तुटलेली तार, चौथ्यात पूर्ण उतरलेली बॅटरी, पाचव्यात पॅनेलच्या एकाच घटावर चिकटवलेले पान. हे पान फार शिकवून जाते. पॅनेलमधील सौरघट एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे एक घट झाकला गेला, तरी सगळ्या साखळीतून जाणारा प्रवाह अडतो. थोडासा भाग झाकल्याने थोडेसेच नुकसान होईल हा समज तिथल्या तिथे मोडतो आणि पॅनेल पुसण्याची सवय उपदेशाशिवाय लागते.

सर्वांत फसवा बिघाड सैल किंवा गंजलेल्या जोडाचा असतो, म्हणून तो सविस्तर सांगतो. दिवा लागत नाही. शिकणारी मल्टिमीटर (व्होल्टेज व प्रवाह मोजणारे उपकरण) लावते, तो १२.५ व्होल्ट दाखवतो, आणि ती म्हणते की वीज येते आहे, म्हणजे दिवाच खराब आहे. इथे शिक्षकाने थांबावे आणि उत्तर देऊ नये. मल्टिमीटर स्वतः नगण्य प्रवाह घेतो. तेवढा प्रवाह गंजलेल्या जोडातूनही विनासायास जातो आणि पूर्ण व्होल्टेज दिसते. दिवा जोडून बटण चालू ठेवले आणि मग मोजले, की तोच आकडा आठ-नऊ व्होल्टवर येतो. पुढची पायरी अधिक सुंदर आहे : दिवा चालू असताना मल्टिमीटरच्या एका तारेचे टोक जोडाच्या अलीकडे आणि दुसरीचे पलीकडे टेकवायचे. चांगल्या जोडावर आकडा शून्याच्या जवळ असतो. खराब जोडावर हरवलेले तीन-चार व्होल्ट तिथेच सापडतात. टर्मिनल घासून, आवळून पुन्हा मोजले की आकडा खाली उतरतो आणि दिवा उजळतो. ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केले, तो पुढे बंद दिवा बघून नवी बॅटरी आणायला धावत नाही.

सोल्डरिंगही, म्हणजे सोल्डर नावाचा मऊ धातू वितळवून तार सांधणेही, असेच बारकाईने शिकवायला हवे. नवशिका सोल्डरिंगच्या हत्याराच्या गरम टोकावर सोल्डर वितळवून त्याचा थेंब तारेवर सोडतो. थेंब चिकटल्यासारखा दिसतो, पण आत पकड नसते. योग्य रीत अशी की टोक तारेला आणि पट्टीला एकाच वेळी टेकवायचे, दोन्ही तापू द्यायचे आणि सोल्डर टोकाला न लावता तापलेल्या तारेला लावायचे, म्हणजे ते पाण्यासारखे आत झिरपते. थंड होईपर्यंत तार हलू द्यायची नाही. मग प्रत्येक जोड हाताने ओढून पाहायचा. ओढून पाहण्याचा नियम शिक्षकाच्या जोडालाही लागू असावा.

बॅटरीविषयी दोनच गोष्टी पण ठामपणे सांगा. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी चार्ज करून काही तास तशीच ठेवल्यावर सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते आणि १२.२ च्या आसपास आली की साधारण निम्मी उतरलेली असते. रोज त्याखाली नेली किंवा उतरलेल्या अवस्थेत तशीच ठेवली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची आहे. १२ व्होल्टचा धक्का बसत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, परंतु शॉर्टसर्किट झाले तर त्याच बॅटरीतून प्रचंड प्रवाह वाहून तार लाल होते आणि आग लागते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या अगदी जवळ हवा. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर (बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग) हवाच, आणि लिथियम घटांच्या बाबतीत तर त्या घटांसाठीच बनवलेल्या कंट्रोलरशिवाय जोडणी करूच देऊ नये.

वस्तूच्या घडणीकडेही पाहा. डिंकाने कायमचा चिकटवलेला दिवा कोणी उघडत नाही. साध्या स्क्रूने उघडणारी पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला काढलेली जोडणीची आकृती आणि तिथेच चिकटवलेले दोन जादा फ्यूज, एवढे केले तरी बंद पडलेल्या दिव्यांपैकी अनेक पुन्हा लागतील.

प्रश्न : शिकणाऱ्यांपैकी अनेकांना लिहितावाचता येत नाही. त्यांना विद्युतविषयक काम शिकवणे कितपत शक्य आहे?

उत्तर : पूर्णपणे शक्य आहे आणि त्याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे. बंकर रॉय यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने अनेक देशांतील, शाळेत न गेलेल्या किंवा फार थोडे शिकलेल्या स्त्रियांना सौरविद्युत यंत्रणा जोडणे आणि दुरुस्त करणे शिकवले आहे. त्यांत आज्याही होत्या आणि एकमेकींची भाषा न कळणाऱ्या स्त्रियाही होत्या. तिथे रंगांच्या खुणा, हातवारे आणि करून दाखवणे यांवर भर असतो. रोधकांवरचे (प्रवाहाला अडथळा करणाऱ्या छोट्या भागांवरचे) रंगांचे पट्टे वाचायला अक्षरे लागत नाहीत. आकडे मात्र लागतात, आणि अक्षरओळख नसलेली पुष्कळ माणसे व्यवहारामुळे आकडे उत्तम ओळखतात. मल्टिमीटरच्या चकतीवर योग्य जागी रंगाची खूण करा, ‘हा आकडा इतका किंवा अधिक असेल तर ठीक’ हे चित्रात दाखवा आणि कामाला लागा. लेखी परीक्षा घेऊ नका. बिघडलेली वस्तू हातात देणे हीच परीक्षा पुरेशी आहे.

प्रश्न : वर्गाला स्त्रिया मोठ्या संख्येने येतात, पण प्रत्यक्ष काम करताना हत्यारे पुरुषांच्याच हाती असतात. काय करावे?

उत्तर : हे जगभर घडते आणि शिक्षकाच्या नकळत घडते. गटात एक जण सोल्डरिंग करतो, दुसरी तार धरते, तिसरी नोंद लिहिते. दिवसअखेर तिघांची हजेरी सारखीच लागते, शिकलेला मात्र एकच असतो. गट तीनपेक्षा मोठा करू नका आणि प्रत्येक जोडानंतर हत्यार पुढच्या हातात गेलेच पाहिजे असा नियम पहिल्या तासाला सांगा. काही ठिकाणी सुरुवातीचे वर्ग केवळ स्त्रियांसाठी घेतल्याने बराच फरक पडतो. वर्गाची वेळ त्यांना विचारून ठरवा, कारण स्वयंपाक, पाणी आणि मुले यांच्या वेळा तुमच्या वेळापत्रकापुढे हटत नाहीत. लहान मूल सोबत आणता येईल अशी व्यवस्था करा, पण तापलेले सोल्डरिंगचे टोक आणि आम्ल असलेल्या बॅटऱ्या यांच्यापासून ते मूल लांब राहील असा वेगळा कोपरा आणि त्याला सांभाळणारे माणूस हवे.

प्रश्न : गटाने मिळून छोटे बायोगॅस संयंत्र उभारले. आठवड्याभराने गॅस जमला, पण तो पेटेना. लोकांचा विश्वास उडाला आहे. संयंत्र सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. सुरुवातीला जमणाऱ्या वायूत आत राहिलेली हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, म्हणून तो पेटत नाही. तो मोकळ्या जागेत, कुठलीही ठिणगी जवळ नसताना सोडून द्यावा. मिथेन (जळणारा वायू) तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांची वाढ संथ असते आणि ते स्थिरावले की वायूत साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन येऊ लागते. ताज्या शेणाने किंवा चालू संयंत्रातील काल्याने (आतल्या शेणपाण्याच्या मिश्रणाने) सुरुवात केली असेल, तर काही आठवड्यांत हे घडते. थंड हवेत जास्त वेळ लागतो, कारण हे सूक्ष्मजीव सुमारे ३५ अंशांना खुशीत असतात.

उतावळेपणाने रोज जास्त खाद्य टाकणे हा मात्र खरा धोका आहे. त्याने आम्ल साचते, टाकीतून आंबूस वास येतो आणि मिथेन तयार होणे थांबते. तसे झाले असेल, तर काही दिवस खाद्य बंद ठेवा आणि नंतर थोड्या प्रमाणात सुरू करा. वायू पेटतो का, हे टाकीच्या तोंडाशी काडी ओढून कधीही पाहू नका; नळीने लांब नेलेल्या शेगडीवरच पाहा. आणि ही वाट पाहण्याची मुदत लोकांना उभारणीच्या दिवशीच सांगा, कारण पुढे काय होणार हे आधी ठाऊक असले तर न पेटणारा गॅस पाहून कोणी निराश होत नाही.

प्रश्न : तरुणांना पवनचक्की बनवण्याची फार इच्छा आहे. शिकवावी का?

उत्तर : शिकण्यासाठी अवश्य, वस्तीच्या विजेसाठी मात्र फार विचार करून. स्कॉटलंडमधील स्कोरेग येथे राहणाऱ्या ह्यू पिगॉट यांनी घरी घडवता येईल अशा पवनचक्कीची जी रचना विकसित केली, ती अनेक देशांतील कार्यशाळांत शिकवली जाते. लाकडाची पाती तासणे, तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळणे, चुंबके बसवणे या कामांत सुतारकी आणि विद्युतशास्त्र एकत्र येते आणि चुंबकाजवळून वेटोळे फिरवताच मल्टिमीटरचा आकडा हलतो, तेव्हा जनित्र म्हणजे काय हे कायमचे कळते.

अडचण वाऱ्याची आहे. पवनचक्कीला मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते; सेकंदाला दहा मीटर वेगाच्या वाऱ्यात जी शक्ती असते, तिचा आठवाच भाग पाच मीटर वेगाच्या वाऱ्यात उरतो. झाडे आणि घरे यांच्या उंचीवर वारा आणखी मंदावतो, म्हणून उंच खांब लागतो आणि उंच खांबावरची दुरुस्ती धोक्याची असते. फिरणाऱ्या भागांची झीज होते. वर्षभराच्या मोजमापाशिवाय उभारलेली चक्की बहुतेक दिवस शोभेपुरती राहते आणि त्याच खर्चात घेतलेली सौरपॅनेले अनेक ठिकाणी जास्त वीज देतात.

जवळ बारमाही ओढा असेल तर तरुणांचा उत्साह तिकडे वळवा. एका सेकंदाला किती लीटर पाणी वाहते आणि ते किती मीटर उंचीवरून खाली येते, यांच्या गुणाकाराला ९.८ ने गुणले की वॉटमध्ये शक्ती मिळते. ओढ्याला छोटा बांध घालून सगळे पाणी एका पन्हळीतून वीस लीटरच्या बादलीत सोडा. ती दोन सेकंदांत भरली, तर प्रवाह दहा लीटरचा. उंची मोजायला पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी पुरते : नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीला येते, आणि त्या आधाराने उतारावर टप्प्याटप्प्याने फरक मोजत खाली यायचे. उंची दहा मीटर आली, तर ९८० वॉट. नळ्या, टर्बाइन आणि जनित्र यांत निम्मे गेले असे धरले तरी सुमारे ४९० वॉट दिवसरात्र मिळतात. तरुणांनी ही मोजणी दर महिन्याला करून वहीत लिहावी आणि टर्बाइन निवडताना सर्वांत कोरड्या महिन्यातला आकडा धरावा, भर पावसातला नव्हे.